खोडलेले १९२

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही तुमची चूक सगळ्यांसमोर सांगितली होतीत, मग आभार घरातल्या घरात कसे मानू?

आठवीचा वर्ग होता. समभुज चौकोनाचे कर्ण १२ आणि १६ सेंटीमीटर, क्षेत्रफळ काढायचं. तुम्ही फळ्यावर १९२ लिहिलंत, आम्ही मुकाट्याने उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, याची बाजू १० येते. १० बाजूच्या चौरसाचंच क्षेत्रफळ १०० असतं. मग या कललेल्या चौकोनाचं १९२ कसं?"

वर्ग चिडीचूप. आता हिला ओरडा बसणार, असंच आम्हाला वाटलं. तुम्ही मात्र फळ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं. गुणाकार निम्मा करायचा राहिला माझ्याकडून." डस्टरला हात लावला नाहीत. १९२ वर आडवी रेघ मारून शेजारी ९६ लिहिलंत. "पुसलं तर चूक कुठे झाली ते कळणार नाही."

तेच गणित आदल्या दिवशी तुम्ही 'ब' तुकडीला शिकवलं होतं. तिथे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर तुम्ही पुढे आलात आणि सगळ्या शाळेदेखत सांगितलंत की आठवी 'ब'ला मी चुकीचं शिकवलं, वह्या दुरुस्त करून घ्या. त्या मुलीचे नाव घेऊन आभारही मानलेत.

तुम्ही स्वतः रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी ही संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू करून सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवलं, हे तुम्ही दर २२ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, सांगायचात. पाचच मिनिटं. मग झाडू घेऊन व्हरांड्यात आधी तुम्ही, मागून आम्ही.

सर, मी आता रस्त्यांच्या कामावर अभियंता आहे. काम मोजायचं आणि मोजमाप पुस्तकात लिहायचं, त्यावरून ठेकेदाराचं देयक निघतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी खडीकरणाची २०४ मीटर लांबी मी २४० लिहून बसलो. देयक मंजूर झालं, पैसे गेले. महिन्याभराने जुनी पानं चाळताना ते दिसलं. कुणीही विचारलं नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही, आणि डोळ्यांपुढे तुम्ही परिपाठाच्या रांगांसमोर उभे.

सकाळी साहेबांपुढे पुस्तक उघडून ठेवलं. आमच्याकडेही खाडाखोड चालत नाही, आकड्यावर रेघ मारून बाजूला खरा आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. ती रेघ मारताना माझा हात थरथरला. तुमचा त्या दिवशी थरथरला होता का, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या देयकातून वसुली झाली. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

खरेपणावर तुम्ही आम्हाला कधी एक वाक्यही ऐकवलं नाहीत. ऐकवलं असतंत तर मी ते वहीत लिहून विसरलो असतो.

दिवाळीत गावी येतोय. आठवीची ती वही सापडली आहे. १९२ वरची रेघ अजून स्पष्ट दिसते. घेऊन येतो.

तुमचा विद्यार्थी,
आठवी 'अ', खिडकीजवळचा दुसरा बाक