मुकल्ल्याचे राज्य आणि हैदराबादचा पैसा

महोदय,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आपल्या पुरवणीत 'निजामाचे अरब' दोन-तीनदा येऊन गेले, तेही रझाकारांच्या पंगतीला. ते कुठून आले, पुढे त्यांचे काय झाले, याबद्दल एक ओळही नाही. आमच्या परभणी-नांदेडकडे ज्यांच्या शेजारी चाऊस, म्हणजे याच अरबांच्या वंशातली, कुटुंबे आहेत, त्यांना हे खटकले असणार.

हे अरब बहुतेक हद्रमौतचे. म्हणजे आजच्या येमेनच्या दक्षिण किनाऱ्याचे आणि त्यामागच्या कोरड्या खोऱ्यांचे. त्यांच्यातला उमर बिन अवद अल-कुऐती निजामाच्या फौजेत जमादार झाला. जमादार म्हणजे हवालदाराच्या वरचा शिपाई नव्हे, पदरी अरबांची तुकडी बाळगणारा सरदारच. हैदराबादेत कमावलेला पैसा मायदेशी गेला आणि त्यावर त्याच्या मुलांनी राज्य उभारले. १८६७ मध्ये शिहर बंदर हाती आले. त्याच किनाऱ्यावरचे मुकल्ला बंदर मिळवताना तलवारीइतकेच कर्जखतही कामी आले. तिथल्या नकीबावर, म्हणजे राज्यकर्त्यावर, कुऐतींचे देणे थकले होते, ते काही फिटेना. शेवटी १८८१ मध्ये इंग्रजांच्या मदतीने त्याला घालवले. (निजामी राज्यातल्या अरब सावकारांचे किस्से ऐकलेल्यांना यात नवल वाटू नये.) १८८८ मध्ये इंग्रजांचे संरक्षण आले, १९०२ मध्ये सुलतान ही पदवी. तरी कुऐतींचे हैदराबादशी नाते तुटले नाही. सुलतान झाल्यावरही त्यांचा मुक्काम बऱ्याचदा तिथेच असे.

हद्रमौतची चूल जावा आणि हैदराबादहून येणाऱ्या पैशावर पेटायची. महायुद्धात जपान्यांनी जावा घेतले, तिकडचा पैसा थांबला आणि दुष्काळात माणसे उपाशी मेली. मग १९४८ ची पोलीस कारवाई झाली. अनेक अरबांची रवानगी मायदेशी झाली आणि हैदराबादचा ओघही आटला. आपल्याकडे मुक्ती, तिकडे उपासमार, दोन्ही खरे.

तारखेचा योगायोगही पाहा. मुकल्ल्याची सुलतानशाही कोसळली ती १७ सप्टेंबर १९६७ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्याच तारखेला. त्याच नोव्हेंबरात इंग्रज गेले आणि तो मुलूख दक्षिण येमेनमध्ये विलीन झाला.

पुढच्या सप्टेंबरात पुरवणी काढाल तेव्हा एखादा वार्ताहर चाऊस घरांतल्या म्हाताऱ्यांकडे पाठवावा. आजोबा कुठल्या गावचे, परत कोण गेले आणि कोण राहिले, एवढे तरी लिहून घ्यावे. आमच्या गल्लीतले ज्यांना हे सांगता आले असते, त्यांतले दोघे गेल्याच वर्षी गेले.

– एक वाचक, परभणी