नानजिंगची परीक्षा-कोठडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात चीन येतो तो सीमेवरच्या कुरबुरींच्या नाहीतर स्वस्त मालाच्या निमित्ताने. मी छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. माझ्याही तासाला भिंत, रेशीम, अफूचे युद्ध आणि १९६२ यापलीकडे चीन कधी गेला नाही, याची आता रुखरुख लागते.

लेकीच्या नोकरीमुळे जूनमध्ये महिनाभर नानजिंगला राहिले. तिथे छिनह्वाई नदीकाठी जुन्या राजपरीक्षांचे, म्हणजे बादशाही अधिकारी निवडण्याच्या परीक्षांचे, संग्रहालय आहे. एके काळी इथे वीस हजारांवर कोठड्या होत्या. एका कोठडीत वाकून पाहिले. आत फक्त दोन फळ्या. दिवसा एक बसायला, दुसरी लिहायला. रात्री दोन्ही जोडून त्यावरच अंग मुडपून झोपायचे. शिधा, दिवा, अंथरूण सगळे घरून आणायचे. अक्षर ओळखून कुणी वशिला लावू नये म्हणून काळ्या शाईतली प्रत्येक उत्तरपत्रिका कारकून लाल शाईने उतरवून काढत आणि परीक्षकाकडे ती नक्कलच जाई. सुमारे तेराशे वर्षे चाललेली ही पद्धत १९०५ साली बंद झाली.

त्यात नापास झालेल्यांचे काय होई? हुंग श्योच्छ्वान हा दक्षिणेतला खेड्यातला शिक्षक वारंवार नापास झाला, आजारी पडला, आपण देवाचे पुत्र आहोत असे त्याला वाटू लागले. त्याने उभारलेल्या ताइपिंग बंडाने १८५३ मध्ये हेच नानजिंग घेऊन राजधानी केले. १८६४ पर्यंत त्या यादवीत किमान दोन कोटी माणसे गेली असे मानतात.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीत, १९६६ साली, विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षाही थांबल्या. डिसेंबर १९७७ मध्ये त्या पुन्हा झाल्या तेव्हा शेतांतून, कारखान्यांतून सुमारे ५७ लाख मुले बसली. जागा पावणेतीन लाखांच्या आतबाहेर! ‘काओखाओ’ म्हणतात ती हीच परीक्षा. ७ जूनला सकाळी आमच्या गल्लीतल्या शाळेच्या फाटकापाशी कितीतरी आया लाल छिपाओ (अंगासरशी चिनी झगा) घालून उभ्या होत्या. त्यातला ‘छि’ म्हणजे झेंडा, आणि झेंडा फडकताच विजय अशी तिथली म्हण, म्हणून तो यशाचा शकुन. एकीने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, तो आत गेला, तरी तिचा हात तसाच हवेत राहिला. ते पाहून माझ्या पोटात कालवले.

चिनी समाजजीवनावर आपण एक सदर सुरू करावे, अशी कळकळीची विनंती आहे. पहिला लेख परीक्षेवरच घ्यावा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुले तो नक्की वाचतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा