विटांचे सोळा मजले: शिकागोहून बाबांना

शिकागो

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

"सोळा मजले विटांच्या भिंतींवर? काहीतरीच!" असं म्हणून तुम्ही फोनवर विषयच मिटवलात, म्हणून सविस्तर लिहिते. जॅक्सन बुलेव्हार्डवरची ही मोनॅडनॉक बिल्डिंग. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 सालचा, बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांचा. भार बाहेरच्या भिंतींवर. त्या तळाशी 6 फूट जाड, माथ्याला दीड फूट. पायथ्याशी भिंत बुरुजासारखी बाहेर झुकते आणि वर छपराशी पुन्हा हलकेच फाकते.

नक्षी अजिबात नाही. मालक बॉस्टनचे ब्रूक्स बंधू. त्यातल्या पीटरचं म्हणणं, बाहेर काढलेलं काम म्हणजे धूळ साठायची जागा. (छज्ज्यावरून आईशी भांडताना तुम्ही हेच म्हणायचात.) मग रूटने सगळी कला गोलाईत ओतली. खिडक्यांचे फुगवटे भिंतीतून असे उमटतात की सांधा सापडत नाही. इमारत पुरी झालेली मात्र त्याला बघायला मिळाली नाही; जानेवारी 1891 मध्ये न्यूमोनियाने गेला, अवघ्या 41व्या वर्षी.

आता तुमचा आवडता विषय, पाया. खाली भुसभुशीत चिकणमाती, म्हणून पोलाद आणि काँक्रीटचे रुंद तराफे घातले. 8 इंच खचेल असा हिशेब धरला होता, प्रत्यक्षात 1948 पर्यंत 20 इंच खचली! फुटपाथवरून आत शिरताना पायरी उतरावी लागते ती त्यामुळेच.

दक्षिणेकडचा भाग 1893 चा, होलाबर्ड आणि रोश यांचा. तिथे पोलादी सांगाडा, भिंती नुसत्या आवरणापुरत्या. त्यामुळे भाड्याने द्यायला जागा जास्त मिळाली आणि खर्चही कमी आला. व्यवहार म्हणून तेच बरोबर. सहा फुटी भिंतीचं भाडं कोण देणार? तरी मला उत्तरेचीच बाजू आवडते. दक्षिणेच्या बाजूला कार्निस (माथ्याची बाहेर आलेली कड) आहे, सजावट आहे, पण तो दरारा नाही.

एका बाबतीत तुमची शंका खरी निघाली. उत्तरेच्या भागातही आत लोखंडी खांब आहेत, आणि वाऱ्याचा जोर सोसायला लोखंडी चौकटी घातल्यात. म्हणजे निव्वळ विटांवर नाहीच. आपल्याकडे भिंतींवरच भार पेलणाऱ्या (लोड-बेअरिंग) दोन मजली घराला तुम्ही तळाला किती इंची भिंत घेत होता, तेवढं कळवा.

आईला सा. न.

तुमची,
धाकटी