इमारतीचा फोटो दिवसाचाही छापा आणि खाली वेळ टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही महिने आपल्या पेपरात इमारतींचे जे फोटो येतायत ते मी कापून ठेवतोय, आणि एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहायला बसलो. जवळपास सगळे फोटो रात्रीचे असतात. रंगीत लाइटिंग, मागे काळंकुट्ट आकाश आणि खाली ओळ एकच, विद्युत रोषणाईने उजळून निघालेली इमारत. तारीख नाही, वेळ नाही, कुठल्या बाजूनं काढलाय तेही नाही. फोटो दिसायला छान असतात, काढणाऱ्यानं मेहनत घेतलेली असते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यात लाइट दिसतो हो, इमारत दिसत नाही.

हे मी उगाच म्हणत नाहीये. रात्रीचे फोकस बहुतेक जमिनीवर बसवलेले असतात आणि खालून वर मारलेले असतात. कारागिरानं छज्जा, कमान, खिडकीवरची नक्षी घडवली ती वरून येणाऱ्या उन्हाच्या हिशोबानं, म्हणजे छज्जाची सावली खाली पडणार, नक्षीच्या खालच्या कडेला काळी रेघ येणार, असं सगळं धरून. आपल्या डोळ्यालाही उजेड वरूनच येतो अशी सवय आहे, त्यामुळं खालून फोकस मारला की खोलगट भाग फुगीर वाटायला लागतो आणि फुगीर भाग खोल गेल्यासारखा वाटतो. विश्वास बसत नसेल तर टॉर्च हनुवटीखाली धरून आरशात बघा, आपलाच चेहरा ओळखू येत नाही. इमारतीचं तेच होतं.

मी बरीच वर्षं हौस म्हणून इमारतींचे बाहेरून फोटो काढतोय. एका जुन्या दुमजली इमारतीचं सांगतो. तिचं तोंड पूर्वेला. सगळे सांगतात की सकाळी लवकर जा, कोवळं ऊन असतं, म्हणून मी तीन-चार वेळा सकाळी सातला जाऊन आलो आणि दरवेळी भिंत कागदासारखी सपाट आली, कारण ऊन बरोबर समोरून पडत होतं आणि सावलीच नव्हती. एकदा कामामुळं उशीर झाला, पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि ऊन भिंतीला घासून खाली उतरत होतं. खिडक्यांवर चुन्यात काढलेली वेलबुट्टी होती, तिचं पान न् पान मोजता येत होतं. तिसऱ्या खिडकीवरचं एक पान उलटं होतं, देठ वर आणि टोक खाली, बाकी सगळी सरळ. एवढ्या वेळा गेलो होतो पण ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. हा सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा, मग ऊन भिंतीच्या मागं गेलं आणि सगळं करडं झालं.

पुढं काही वर्षांनी त्या भिंतीचा गिलावा पडला आणि त्याबरोबर अर्धी वेलबुट्टी गेली. दुरुस्ती करणाऱ्यांनी जुने फोटो मागवले तेव्हा लोकांनी भरपूर आणून दिले, पण जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या समारंभाच्या रात्रीचे, खिडक्यांवरची नक्षी फोकसनं जळून पांढरीफटक आणि वरची कड आकाशात मिसळून गेलेली. कामाला आला तो ११ वाजून ४० मिनिटांचा तो एक फोटो. तो मोठा करून कारागिरांनी पानं मोजली आणि उलटं पान उलटंच बसवलं. माझं कौतुक म्हणून हे सांगत नाहीये, मला त्या दिवशी उशीर झाला नसता तर तो फोटो निघालाच नसता. त्या इमारतीचे शेकडो फोटो असूनही तिची नक्षी कुणाकडेच नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

बघा ना, कॅमेऱ्यानं काढलेला जो सगळ्यात जुना फोटो आज शिल्लक आहे तो इमारतींचाच आहे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सनं १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून समोरची छपरं आणि भिंती टिपल्या. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, इतका लांबला की सूर्य एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला आणि दोन्हीकडच्या भिंतींवर ऊन आलं. म्हणजे त्या फोटोला ठराविक वेळच नाही. त्याचा नाइलाज होता. आज आपल्या मोबाइलमध्ये सेकंदासकट वेळ नोंदवलेली असते आणि ती आपण छापताना टाकून देतो!

आणि इमारतींचे फोटो नोंद म्हणून काढायचे ही काही नवी कल्पना नाही. १८५१ मध्ये फ्रेंच सरकारनं पाच फोटोग्राफरना देशभर पाठवलं होतं, जुन्या वास्तूंची दुरुस्ती व्हायच्या आधी त्या कशा आहेत ते टिपून ठेवायला. जर्मनीत आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण १८५८ साली वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना वरून पडता पडता वाचला, आणि त्याच्या डोक्यात आलं की जीव धोक्यात घालण्यापेक्षा मापं फोटोवरूनच का घेऊ नयेत. त्यातून पुढं १८८५ मध्ये प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या एका राज्यात, फक्त या कामासाठी सरकारी संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धात मोडलेल्या इमारती पुन्हा उभ्या करताना तिथल्या काचेच्या प्लेटवरचे फोटो उपयोगी पडले.

मापावरून आठवलं, फोटो वाकडे छापू नका ही पण विनंती. कॅमेरा वर उचलून काढला की भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागं पडतेय असं वाटतं. लांब जावं, कॅमेरा सरळ धरावा, खाली जास्तीचा रस्ता येईल तो नंतर कापावा, एवढंच आहे. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न उचलता चित्र वर सरकवणारी लेन्स, असेल तर उत्तमच, पण तिच्यावाचून अडत नाही.

आता कुणी म्हणेल की हा माणूस रात्रीच्या फोटोंवर उठलाय. अजिबात नाही, काही इमारती रात्रीशिवाय कळतच नाहीत. काचेची इमारत घ्या, दिवसा तिच्यात आकाश आणि समोरची झाडं दिसतात, आत माणसं आहेत की नाही हेही कळत नाही. अंधारून आलं की ती काच उघडते, मजले दिसतात, जिने दिसतात. अमेरिकी फोटोग्राफर ज्युलियस शुलमननं १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरावरच्या काचेच्या घराचा जो फोटो काढला तो असाच, खालच्या शहराच्या दिव्यांसाठी शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि आत बसलेल्या दोघींसाठी फ्लॅश मारला. ते घर भर दुपारी काढलं असतं तर त्याची मजा कळलीच नसती.

पण रात्रीचा म्हणजे नऊ वाजताचा असं कुणी ठरवलं? सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, सूर्य क्षितिजाखाली चार ते आठ अंश असतो तेव्हा, आकाशाचा निळा उजेड आणि खिडक्यांचा पिवळा उजेड एका मापाचे होतात. तेव्हा छपराची कड आकाशापासून सुटी दिसते, खिडक्या जळत नाहीत, भिंतीचा पोतही थोडा राहतो. ट्रायपॉड लागतो, आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, शटर दोनपासून आठ सेकंदांपर्यंत, बटण हातानं न दाबता टायमर लावायचा. दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत राहायचं, कारण आकाश भराभर उतरतं आणि नेमका कुठला जमला ते घरी गेल्यावरच कळतं. आधीच जागा ठरवून, ट्रायपॉड लावून उभं राहायला हवं, धावत जाऊन हे होत नाही. आणि समोर सोडियमचा जुना पिवळा दिवा असेल तर विटेचा लाल आणि झाडाचा हिरवा दोन्ही मातकट येतात, नंतर कॉम्प्युटरवर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) कितीही फिरवला तरी जो रंग त्या उजेडात नव्हताच तो परत येत नाही. अशा इमारतीचा खरा रंग सांगायला दिवसाचाच फोटो लागतो.

गंमत म्हणजे हा फरक हक्कांच्या (कॉपीराइटच्या) बाबतीतही मानला जातो. आयफेल टॉवरचं डिझाइन आता सगळ्यांसाठी खुलं आहे, टॉवरवाला आयफेल १९२३ मध्येच गेला, त्यामुळं त्या हक्कांची मुदत संपलीय. पण टॉवरवरची रात्रीची रोषणाई ही वेगळी कलाकृती धरली जाते, तिचा फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी घ्या असं टॉवर चालवणारी कंपनी सांगते. टॉवर एकच, पण दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. मला वाटतं पेपरनंही हाच फरक धरावा.

तर माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एकदा तरी एखाद्या इमारतीचे दोन फोटो शेजारी शेजारी द्या, एक दिवसाचा आणि एक संध्याकाळचा, ट्रायपॉड त्याच जागी ठेवून काढलेले. खाली तारीख, वेळ आणि भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, एक ओळ तर लागते. वाचकांकडून फोटो मागवता तेव्हाही वेळ मागा, आणि गेट, दारातला झेंडू, नवीन गाडी असलं काही पुढं आणून मागची इमारत झाकली असेल तर दुसरा फोटो मागा. वायर, डिश अँटेना, भिंतीवरचा डाग मात्र कृपया खोडायला लावू नका, वीस वर्षांनी कुणाला तरी तो डाग कुठून सुरू झाला होता हेच बघायचं असेल.

या पत्रासोबत त्याच जुन्या इमारतीचे दोन फोटो पाठवतोय, एक तो ११:४० चा आणि एक त्याच महिन्यातला संध्याकाळी ६:२५ चा. जागा तीच आहे, पहिल्या दिवशी फरशीवर खडूनं खूण केली होती. मागच्या बाजूला तारखा लिहिल्या आहेत. छापायचे असतील तर खुशाल छापा, मानधन नको, फक्त खालची वेळ कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक