चेहऱ्यापायी जेवण तोडू नकोस

प्रिय मनू,

तू सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलीस आणि ओट्यावर शेंगाचटणीचा डबा दिसला. तू तो विसरली नाहीस, ठेवून गेलीस, हे मला कळतं. गड्ड्याच्या जत्रेला आलीस तेव्हाही तेच. भाकरीवर तूप नको, दही नको, ताटात नुसती काकडी. मावशी मला बाजूला घेऊन विचारत होती, हिला बरं नाही का?

चेहऱ्यावरच्या मुरुमांचा विषय काढणार नाही असं कबूल केलं होतं. पण तू जेवत नाहीस, तेव्हा गप्प कशी बसू?

आजीला वाटतं उष्णता झालीय, शेंगदाणे बंद कर. तुझ्या रूमवरच्या मुली म्हणतात तेल बंद कर. पण शेंगदाण्यांनी मुरुम येतात असं काही सिद्ध झालेलं नाही. थोडाफार आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीला. साखर आणि मैदा झटकन रक्तात उतरतात, मग इन्सुलिन वाढतं आणि त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात मुरुम असलेल्या तरुण मुलांना १२ आठवडे असे पदार्थ कमी आणि प्रथिनं जास्त दिली, तेव्हा मुरुम बऱ्यापैकी कमी झाले. प्रथिनं जास्त, ऐकतेस ना? उपाशी नव्हतं ठेवलं कुणाला. दुधाचा संबंधही काही जणांत दिसलाय, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, पण म्हणून सगळ्यांनीच ते सोडावं इतका पुरावा नाही. तू दही सोडलंस आणि पाकिटातला ज्यूस, क्रीमची बिस्किटं चालू ठेवलीस. उलटं कर ना. मैद्याच्या ब्रेडपेक्षा आपली ज्वारीची भाकरी कितीतरी बरी.

बघ, पुन्हा वर्गात शिकवल्यासारखं झालं. रागावू नकोस.

मंगळवेढ्याला आजोबांच्या शेतात हुरडा भाजायचे तेव्हा तू आगटीजवळून उठायची नाहीस. तोंड काळं, हात काळे, आणि वर चटणी माग. बाबा म्हणायचे, ही खाते तेव्हा बघत राहावंसं वाटतं. त्यांचेही गाल कॉलेजात असेच होते, लग्नाच्या फोटोत बघ. तुझ्याकडे थोडं तिकडूनही आलंय.

तुझ्या प्रेझेंटेशनचा व्हिडिओ स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. काय बोललीस गं! पण अर्धा वेळ हात गालावर होता, ते बघून माझ्या पोटात कालवलं.

आता दोनच गोष्टी. मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब पाहिली, त्यावर बीटामेथासोन लिहिलंय. ते स्टिरॉइड आहे. आधी बरं वाटतं, पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुम वाढतात. किती दिवस लावतेस ते त्वचेच्या डॉक्टरांना खरं सांग. दुसरं, पाळी वेळेवर येते का? तुझे मुरुम हनुवटीला आणि जबड्यापाशी जास्त आहेत म्हणून विचारते. अनियमित असेल तर तेही सांग, ते पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासाची, तपासणी करतील. योग्य औषधालाही दीड-दोन महिने लागतात, आठ दिवसांत सोडू नकोस. वेळ घेतलीस की कळव, मी रजा टाकून येते.

गुरुवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पीठ पाठवते. मेसच्या काकूंना दोन भाकऱ्या टाकायला सांग, वेगळे पैसे मी देईन. आणि आज रात्री काय जेवलीस ते मेसेज करून सांग.

तुझी,
आई