व्यसनी मुलांना आधी उपचार मिळावेत

महोदय,

अमली पदार्थांविरुद्धच्या कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी वाचतो. विकणाऱ्यांवर कारवाई हवीच. पण सापडतो कोण? ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या दापोली तालुक्यातल्या कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली. कस्टमने अडीचशे किलोहून जास्त माल जप्त केला. एवढा माल समुद्रातून नेणाऱ्यांपर्यंत पोचणे कठीण. स्टँडमागे चिलीम ओढणारा पोरगा मात्र लगेच हाती लागतो.

आमच्या वाडीतला एक मुलगा असाच गांजाच्या पुडीसह सापडला. बोटीवर जायची त्याची तयारी झाली होती. कोर्सच्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या. गुन्हा दाखल झाला आणि पोलीस पडताळणीत सगळे अडकले. आता तो दिवसभर पाखाडीवर बसून असतो, तेही त्याच टोळक्यात.

१९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात दाखल झाला आणि त्याने उपचार पुरते घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. हे त्या आईला ना पोलीस ठाण्यात कुणी सांगितले, ना वकिलाने.

कोकणाने बंदी पूर्वीही पाहिली आहे. १९४९च्या कायद्याने दारूबंदी आली, तशा खाडीकाठी आणि रानात हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ आणि नवसागराची दारू लोक चोरून प्याले, वर हप्ते बांधले गेले. आज गांजाच्या बाबतीत चोरटेपणा घराघरांत शिरला आहे. पोराला डॉक्टरकडे न्यावे तर केस होईल, या धास्तीने आईबाप ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात आणि गप्प बसतात.

आढावा बैठकांत गुन्हे किती दाखल झाले हे विचारतात. किती मुले उपचाराला गेली, हे लोकप्रतिनिधींनी कधी विचारले आहे का? प्रत्येक पोलीस ठाण्यात कलम ६४-अ चा फलक मराठीत लावावा आणि अटकेच्या वेळी पालकांना ते वाचून दाखवावे. उपजिल्हा रुग्णालयांत व्यसनमुक्तीसाठी निदान आठवड्यातून एक दिवस डॉक्टर आणि समुपदेशक बसवावेत. दापोली-मंडणगडच्या गरीब आईला पोराला घेऊन दर खेपेस रत्नागिरी गाठणे परवडत नाही.

– एक निवृत्त शिक्षक, दापोली