‘वयोमानानुसार’ म्हणजे नेमके कोणाच्या वयोमानानुसार?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात आलात की मोर्चे निघतील, निवेदनांचा ढीग पडेल. त्या ढिगाखाली माझे निवेदन जाऊ नये म्हणून आधीच चारचौघांसमोर लिहिते आहे. तक्रार एमआरआयच्या रिपोर्टातल्या ‘वयोमानानुसार’ या एका शब्दाची आहे.

माझी आई तेव्हा 76 वर्षांची होती. नागपूरच्या महाल भागात वाढलेली, शाळा चौथीपर्यंत. भाजीत मीठ दोनदा पडू लागले, गॅस चालूच राहू लागला, माझ्या भावाला ती मामाच्या नावाने हाक मारू लागली, म्हणून आम्ही तिला दाखवले. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही. मंगळसूत्र माझ्या पर्समध्ये गेले, पण जोडवी लग्नापासून बोटांतून निघालीच नव्हती. साबण लावून काढली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत मारबतीच्या मिरवणुकीसारखेच वाजत होते."

मारबत तिच्या डोक्यात होती, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती मिरवणूक आदल्याच दिवशी निघाली होती. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत विचारले, आज तारीख काय? आई म्हणाली, "काल मारबत गेली, उद्या हरतालिका." म्हणजे भाद्रपद शुद्ध द्वितीया, अगदी बरोबर. कागदावर शून्य पडला. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. जिने आयुष्यभर हिशेब विसांच्या पटीत केला, तिला तिथेही शून्य. निरक्षर, कमी शिकलेल्या माणसांसाठी अशा चाचण्या आपल्या देशात बदलून घेतलेल्या आहेत. हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदीत तशी चाचणी गेल्या शतकातच तयार झाली. आमच्यापुढे आली ती जुनीच.

निदान फोटो तरी शाळा विचारणार नाही, अशी आशा होती. रिपोर्ट इंग्रजीत होता. मराठीत सांगायचे तर, ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे.’ आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि दोन वर्षे गप्प बसलो.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारले, यापूर्वीची एखादी फिल्म आहे का? होती. कित्येक वर्षांपूर्वी आई चक्कर येऊन पडली, तेव्हाची. सीडी उघडली नाही. तपासणी केली तिथे चौकशी केली, तर इतके जुने आम्ही ठेवत नाही, असे उत्तर आले. फिल्म मात्र कपाटात पैठणीच्या खाली सपाट राहिली होती. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या आणि कानशिलामागच्या आतल्या भागावर बोट ठेवले. ते मलाही दिसले. डॉक्टरीण नसताना.

त्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी आठवण तिथे रुजते. निरोगी म्हातारपणातही तो वर्षाला साधारण 1 टक्का घटतो, स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात 3 ते 5 टक्के. एका फोटोत हा वेग दिसत नाही. त्यासाठी काही वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो लागतात. किंवा त्याच भागातल्या, त्याच वयाच्या धडधाकट माणसांचे मेंदू कसे दिसतात हे तरी ठाऊक हवे. माझ्या आईच्या बाबतीत ते कोणाला ठाऊक होते?

मोजमाप करणारी संगणकप्रणाली आपला मेंदू बहुधा कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बनलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. 2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने 100 भारतीयांच्या मेंदूंवरून नकाशा तयार केला, तेव्हा आपला मेंदू आकारमानात पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा सरासरी लहान भरला. तेही तरुणांचे मेंदू. सत्तरीतल्या नागपुरी बाईचा धडधाकट मेंदू कसा असतो, हे त्यात कुठून येणार?

शेजारच्या कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात 45 वर्षांवरच्या 10,000 गावकऱ्यांना वर्षानुवर्षे तपासत राहण्याचा अभ्यास बंगळूरच्या मेंदू संशोधन केंद्राने हाती घेतला आहे. त्यात एमआरआयही आहे. तसे विदर्भात का होऊ नये? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. शिवाय आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या आजारात मेंदूत लक्षणांविना बारीक झटके येऊन जातात आणि ते एमआरआयवरच दिसतात. ही माणसे आता म्हातारी होऊ लागली आहेत. त्यांचे ‘वयोमान’ कोण ठरवणार?

नवे यंत्र मी मागत नाही. यंत्राला हार घालायला सगळेच येतात. सरकारी महाविद्यालयांतल्या एमआरआयचे महिन्यातले दोन रविवार या कामाला द्या. नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स यांनी मिळून 500 धडधाकट ज्येष्ठांची यादी करावी, निम्मे नागपूरचे, निम्मे खेड्यांतले, आणि दर दोन वर्षांनी त्याच माणसांना, त्याच पद्धतीने तपासावे. आज आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधापुरते तीसचाळीस रुग्ण घेतो आणि तीन वर्षांत पास होऊन जातो. म्हातारपण तीन वर्षांत मावत नाही. आणि कृपा करून सगळे फोटो जपून ठेवण्याची सक्ती करा. प्रत्येकाच्या घरी पैठणी असेलच असे नाही.

पेट स्कॅनबद्दल, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या फोटोबद्दल, थोडे. 1906 साली आलोइस अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकाखाली मृत मेंदूत अमायलॉईड प्रथिनाचे जे साठे दिसले, ते जिवंत माणसात दाखवणारा अमायलॉईड पेट स्कॅन 2002 साली स्वीडनमधल्या उप्सालात पहिल्यांदा झाला. त्यातला किरणोत्सारी कार्बन 20 मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, उशालाच लागते. पुढे फ्लोरिनची द्रव्ये आली, ती निम्मी व्हायला सुमारे 110 मिनिटे लागतात. ते आपल्याला आज महाग पडेल. पण कर्करोगासाठी जे साखरेचे पेट-सीटी नागपुरात रोज होते, तेच द्रव्य मेंदूचा कोणता भाग साखर कमी खातो हेही दाखवते. निदान अडलेल्या रुग्णांसाठी आठवड्यातल्या दोन जागा राखल्या तरी पुष्कळ.

एक धास्तीही सांगते. या पत्रातून ‘मोफत मेंदू तपासणी शिबिर’ निघू नये. कित्येक म्हाताऱ्यांच्या मेंदूत अमायलॉईड साचलेले असते आणि ती माणसे शेवटपर्यंत सुना-नातवंडांची भांडणे सोडवत असतात. नुसता फोटो दाखवून त्यांना घाबरवायचा अधिकार कोणालाच नाही. उलट डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त फोटोत सापडले, तर त्यावर इलाज आहे. हा फरक समजावून सांगणारा माणूस यंत्राइतकाच लागतो.

आईला आधी कळले असते तर ती बरी झाली असती, असे मी म्हणत नाही. पण गॅसची कळ दोन वर्षे आधी बाहेरून बसवली असती. बँकेच्या सह्या झाल्या असत्या. तिचे दागिने कोणाला द्यायचे हे तिनेच सांगितले असते. आता ती जोडव्यांकडे बघून विचारते, ही कोणाची?

आईच्या दोन्ही फिल्म माझ्याकडे आहेत. अभ्यास सुरू झाला तर पहिल्या दिवशी आणून देईन. पावती मात्र हवी.

आपली,
सक्करदऱ्याची एक नागरिक